कामाचा हातमोजा : आधी धोका ओळखा

आपल्या घरातील कोणी कारखान्यात, बांधकामावर, शेतात, काजूच्या युनिटमध्ये किंवा सफाईच्या कामावर जात असेल, तर ‘हातमोजे घालतोस ना?’ असा प्रश्न आपण कधी ना कधी विचारला असेल. प्रश्न मायेचा आहे, पण अपुरा आहे. औषधाच्या दुकानात जाऊन आपण नुसते ‘एक गोळी द्या’ असे म्हणत नाही. कशावरची, ते सांगावे लागते. हातमोज्याचेही तसेच आहे. माझा दवाखाना औद्योगिक वसाहतीला लागून आहे. तेथे येणाऱ्या जखमी हातांपैकी पुष्कळ हात उघडे नसतात. त्यांवर हातमोजा असतो; फक्त त्या धोक्यासाठी तो केलेला नसतो. काही वेळा तर हातमोज्यानेच घात केलेला असतो.

सुरुवात तेथूनच करू, कारण ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. फिरत्या यंत्रावर, म्हणजे ड्रिल मशीन, लेथ, रसवंतीचा चरक, गोठ्यातील कडबाकुट्टी अशा ठिकाणी हातमोजा घालू नये. उघडे बोट फिरत्या ड्रिलला लागले तर कापते, पण बहुधा सुटते. हातमोज्याचा एखादा सुटलेला धागा त्यात अडकला, तर यंत्र कापडासह बोट आणि बोटासह मनगट ओढून घेते. हात मागे घ्यायला माणसाला जो क्षणभर अवधी लागतो, तो यंत्र देत नाही. अशा अपघातात कधी कधी हाताची कातडी खालच्या स्नायूंपासून सोलून निघते. वैद्यकीय परिभाषेत या इजेला ‘डीग्लोव्हिंग’ म्हणतात, म्हणजे हातमोजा उतरवावा तशी कातडी उतरणे. नाव क्रूर आहे, पण अचूक आहे. अंगठी, कडे, मनगटावरचा दोरा आणि सैल बाही यांनाही हाच नियम लागू. अशा यंत्रावर हाताचे रक्षण करते ती यंत्रावरची जाळी, काम घट्ट धरणारी पकड आणि धातूचा कीस झाडण्यासाठी ठेवलेला ब्रश. पॉवर प्रेसचे तर विचारूच नका. तिच्याखाली सापडलेल्या हाताला जगातला कोणताही हातमोजा वाचवू शकत नाही. तेथे पुढचा गार्ड आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावी लागणारी बटणे हाच उपाय आहे. ‘काम भराभर व्हावे’ म्हणून त्यांतले एक बटण बांधून ठेवलेले असेल, तर घरच्यांनी गप्प बसू नये.

आता गवंडीकामाकडे वळू. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा पीएच १२ ते १३ असतो. आम्लाचा थेंब पडताच हात चरचरतो आणि माणूस पाण्याकडे धावतो. सिमेंट अशी सूचना देत नाही. ते त्वचेतला स्निग्धांश विरघळवत सावकाश आत उतरते आणि दुपारी कालवलेल्या मालाची जखम रात्री जेवायला बसल्यावर कळते. दुसरा उपद्रव याहून संथ आणि चिवट आहे. सिमेंटमध्ये हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा अंश असतो. काही जणांच्या शरीराला या धातूची ॲलर्जी जडते आणि एकदा जडली की बहुधा आयुष्यभर सोडत नाही. हात खाजतात, भेगाळतात, पाझरतात, रोजंदारी बुडते. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधील या क्रोमियमवर दशलक्षात दोन भागांची मर्यादा घातली आहे. फेरस सल्फेट मिसळले की ते निरुपद्रवी रूपात बदलते.

माझ्याकडे येणाऱ्या एका गवंड्याला असे इसब होते. त्याची दया येऊन मुकादमाने त्याला जाड चामडी हातमोजे आणून दिले. महिन्याभरात हात सुधारण्याऐवजी मनगटापर्यंत चिघळले. कारण असे की, कामाच्या हातमोज्यांचे बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनीच कमावलेले असते. ज्या धातूचे वावडे, त्याचेच वेष्टण घामेजलेल्या हातावर दिवसभर बसले. बाजारात सर्वत्र मिळणारे पांढरे सुती हातमोजे, तळव्यावर निळे-पिवळे ठिपके असलेले, तेही या कामाचे नाहीत. ओल्या मालात ते पाच मिनिटांत भिजतात आणि मग हातावर सिमेंटचे पोटीस बांधल्यासारखे होते. विटा वाहायला ते उत्तम, माल कालवायला वाईट. गवंड्याला हवा तो केवळ तळव्यावर नव्हे, तर हाताच्या पाठीवरही नायट्रिलचा अखंड लेप असलेला, मनगटाच्या बराच वर जाणारा हातमोजा. त्यात वरून माल शिरलाच, तर तो लगेच काढून हात भरपूर पाण्याने धुवावा आणि हातमोजा आतून धुऊन वाळल्याशिवाय पुन्हा घालू नये.

रसायनांच्या बाबतीत तर डोळ्यांवर विश्वास ठेवून चालत नाही. येथे थोडे विषयांतर करतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत रबरी हातमोजा आला तो रुग्णासाठी नव्हे, काम करणाऱ्या हातासाठी. १८८९-९० च्या हिवाळ्यात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखाली कॅरोलाइन हॅम्पटन या परिचारिका होत्या. मर्क्युरिक क्लोराइड या पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणाने त्यांच्या हातांना सतत पुरळ येई. हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करवून घेतले आणि हातांचा प्रश्न मिटला. पुढे १८९० मध्ये दोघांचा विवाहही झाला. त्याच पाऱ्याच्या दुसऱ्या एका संयुगाने शतकानंतर हातमोज्याची मर्यादाही दाखवून दिली. ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेतील डार्टमाउथ महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका कॅरन वेटरहान यांच्या लॅटेक्स हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. हातमोजा फाटला नव्हता, त्याला छिद्र नव्हते. जून १९९७ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या चाचणीत दिसून आले की ते रसायन तशा हातमोज्यातून पंधरा सेकंदांच्या आत पार होते.

रसायन हातमोज्याच्या पदार्थात विरघळत, रेणूरेणूने पलीकडे जाते; त्याला भोक लागत नाही. म्हणून पदार्थाची निवड महत्त्वाची. साधे नैसर्गिक रबर पाण्यातील कामाला, सौम्य आम्लांना आणि अल्कलींना चालते. पण तेल, ग्रीस, पेट्रोल, डिझेल यांत ते फुगते आणि लिबलिबीत होते. गॅरेजमधल्या आपल्या मुलाला तेथे नायट्रिल हवे. हेच नायट्रिल ॲसिटोनपुढे टिकत नाही. तेथे ब्यूटाइल रबर लागते. पीव्हीसीचा हातमोजा आम्ल-अल्कलीला ठीक, सॉल्व्हंटला कुचकामी. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा हातमोजा अनेक सॉल्व्हंट अडवतो, पण स्वतः पाण्यात विरघळतो! रंगकामातला थिनर हे अनेक द्रवांचे मिश्रण असल्याने कोणताच पातळ हातमोजा त्याला फार वेळ अडवू शकत नाही. ब्रश किंवा चिमटा वापरून हात दूर ठेवावा आणि शिंतोडा उडाला की हातमोजा बदलावा. आणि संध्याकाळी हाताचा रंग काढण्यासाठी थिनरनेच हात धुण्याची जी पद्धत आहे, ती दिवसभर पाळलेली सारी काळजी पाण्यात घालते.

रसायनांच्या चांगल्या हातमोज्यावर ईएन ३७४ हे मानक आणि त्यासोबत ए, बी किंवा सी हा प्रकार छापलेला असतो. ए म्हणजे ठरलेल्या यादीतील किमान सहा रसायनांना प्रत्येकी निदान अर्धा तास अडवणारा. बी म्हणजे तीन रसायनांना अर्धा तास. सी म्हणजे एका रसायनाला केवळ दहा मिनिटे. आठ तासांच्या पाळीला दहा मिनिटांचा हातमोजा मिळाला, तर काय होईल ते आपणच ठरवा.

एका आम्लाबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगनंतर डाग काढण्यासाठी जी पेस्ट लावतात, तिच्यात आणि काच कोरण्याच्या कामात हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. सौम्य प्रमाणात ते लागले तर काही तास दुखत नाही; तोवर ते आत शिरून रक्तातल्या कॅल्शियमला धरते आणि हृदयाच्या ठोक्यांपर्यंत बिघाड पोहोचतो. असे काम जेथे चालते, तेथे कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी असलीच पाहिजे. ‘थोडेसेच लागले’ म्हणून घरी झोपू नये.

शेतात हीच गोष्ट फवारणीच्या रूपाने येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नसू. फवारणीत हाताला सर्वाधिक धोका असतो तो पंप पाठीवर असताना नव्हे, तर बाटलीतले तीव्र औषध मापून पाण्यात मिसळताना. नेमके तेव्हाच हात उघडे असतात. काठी सापडली नाही तर हातानेच ढवळले जाते. या कामाला दवाखान्यातले पातळ हातमोजे पुरत नाहीत. जाडसर नायट्रिलचे, कोपराच्या दिशेने लांब जाणारे आणि आतून कापडी अस्तर नसलेले हातमोजे घ्यावेत. अस्तरात शिरलेले विष धुऊन निघत नाही. एक बारकावा : हात खाली ठेवून फवारायचे असेल तर बाही हातमोज्यावर यावी, पीक डोक्याएवढे वाढले असेल आणि हात वर करावे लागत असतील तर हातमोजा बाहीवर यावा आणि त्याची कड दुमडावी, म्हणजे ओघळ आत जात नाहीत. काम संपले की आधी हातमोजे घातलेले हात साबणाने धुवावेत, मग हातमोजे काढावेत, मग पुन्हा हात धुवावेत. फवारणीनंतर घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांपुढे अंधूक दिसणे अशी लक्षणे दिसली, तर कपडे उतरवून अंग धुवावे आणि बाटलीसह रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

कोकणात, गोव्यात आणि चंदगडच्या बाजूला काजू फोडणाऱ्या बायांचे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते काळपट, सोललेले तळवे विसरता येत नाहीत. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उतणे म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगावे लागत नाही. काजूच्या टरफलातले तेल तेच काम रोज थोडे थोडे करते. त्यावर हाताला राख किंवा खाद्यतेल चोळण्याचा जुना रिवाज आहे. त्याने चिकटपणा कमी होतो, थोडा आडपडदाही मिळतो. पण तेल हे कवच नव्हे. आणि तेल लावलेल्या हातावर साधा रबरी हातमोजा चढवला तर तो लवकर खराब होतो, हे वर आलेच आहे.

येथे हातमोज्याची खरी अडचण रसायनशास्त्राची नाही, मजुरीची आहे. फोडलेल्या गराच्या किलोवर पैसे मिळतात. जाड, सैल हातमोज्यात बोटांना गर चाचपता येत नाही, तुकडा पडतो, वेग घटतो, दिवसाची मजुरी कमी होते. मग बाई हातमोजा काढून ठेवते आणि मालक म्हणतो, ‘दिले होते, त्याच वापरत नाहीत.’ मला हे म्हणणे मान्य नाही. बाईच्या हाताच्या मापाचा, बोटांवर घट्ट बसणारा मध्यम जाडीचा नायट्रिलचा हातमोजा, आत घाम टिपणारा पातळ सुती मोजा, आणि खराब होताच दिवसात दुसरा जोड, एवढे दिले तर वेग फारसा घटत नाही. ज्या हातमोज्याने मजुरी कमी होते तो वापरला जाणार नाही. म्हणून तो न वापरण्याचा दोष एकट्या कामगाराचा नसतो.

माप ही क्षुल्लक बाब समजू नये. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळहाताभोवती टेप धरावी. जितके इंच येतील तो साधारण आपला क्रमांक. बायकांना बहुधा सात किंवा आठ लागतो आणि वाटला जातो दहा.

कापणे आणि टोचणे यांत लोक फार गल्लत करतात. यांत्रिक धोक्याच्या हातमोज्यावर हातोड्याचे चित्र, ईएन ३८८ आणि खाली काही आकडे-अक्षरे असतात. पहिला आकडा घासण्याचा, दुसरा पात्याने कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. नंतरचे ए ते एफ हे अक्षर कापण्याच्या अधिक कठोर चाचणीचे, त्यात एफ सर्वांत वरचे. एक्स असेल तर ती चाचणी केलेलीच नाही. पत्र्याच्या कामाला कापण्याचा आकडा आणि अक्षर पाहावे. मात्र असा हातमोजा ग्राइंडरची चकती किंवा फिरती करवत अडवील, असे समजू नये.

टोचण्याच्या आकड्याने सफाई कामगारांची मोठी फसगत होते. ती चाचणी खिळ्यासारख्या जाड टोच्याने घेतात. इंजेक्शनची बारीक सुई विणीच्या फटीतून सहज जाते. कचऱ्याच्या पिशवीत हात घालण्याऐवजी चिमटा वापरणे आणि पिशवी अंगापासून दूर धरणे, हाच भरवसा. तरीही सुई टोचलीच, तर जखम पिळू नये. वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी, शक्यतो दोन तासांत, सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग होत नाही. कावीळ-बी आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशीही तेव्हाच करावी. आपण घरच्या मधुमेह्याच्या इन्सुलिनच्या सुया कचऱ्यात सुट्या टाकत असू, तर या परिच्छेदाचा संबंध आपल्याशीही आहे.

उष्णतेचे थोडक्यात सांगतो. ओल्या कापडातून उष्णता झपाट्याने हातापर्यंत पोहोचते. भट्टीवर किंवा मोठ्या पातेल्यांवर काम करणाऱ्याने घामाने भिजलेला हातमोजा बदलावा. वेल्डिंगला लांब चामडी हातमोजाच हवा. नायलॉनचा वितळून कातडीला चिकटतो. जुन्या कारखान्यांत ॲसबेस्टॉसचे हातमोजे अजून पडून असतील, तर ते वापरू नयेत.

विजेच्या बाबतीत मात्र कोणतीही तडजोड नको. भांडी घासायचा रबरी हातमोजा विजेपासून संरक्षण देतो, हा समज जीवघेणा आहे. विजेच्या कामाच्या रबरी हातमोज्यांचे वर्ग ठरलेले असतात : ०० वर्ग ५०० व्होल्टपर्यंत, ० वर्ग १००० पर्यंत, १ वर्ग ७५०० पर्यंत, असे वर चढत जातात. त्यांवर वर्ग आणि चाचणीची तारीख असते, वरून चामडी हातमोजा घालावा लागतो, दर सहा महिन्यांनी पुन्हा विद्युत चाचणी व्हावी लागते आणि दररोज वापरापूर्वी कड गुंडाळून आत हवा कोंडून भोक नाही ना, हे पाहावे लागते. गावोगाव खांबावर चढणाऱ्या ‘झिरो वायरमन’कडे यांतले काय असते, ते मी लिहायला नको. पुरवठा बंद करून, तो बंद झाल्याची खात्री करून, तार जमिनीशी जोडल्याशिवाय नुसत्या हातमोज्यावर विसंबून कोणी खांबावर चढू नये.

हातमोज्याची स्वतःचीही दुखणी आहेत. नैसर्गिक रबरातील प्रथिनांची काहींना ॲलर्जी असते : घालताच खाज, गांधी, कधी दमा. केळे, पपई किंवा किवी खाल्ल्यावर ज्यांचे ओठ खाजतात, त्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. रबर घडवताना वापरलेल्या रसायनांचे इसब एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून त्याचा दोष साबणाला दिला जातो. दिवसभर बंद हातमोज्यात घामेजलेल्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, नखुरडी होतात. तासा-दोन तासांनी हातमोजा काढून हात कोरडे करावेत आणि रात्री साधे व्हॅसलिन किंवा खोबरेल लावावे.

हे सारे महाग आहे, असे कोणी म्हणेल. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ११४ नुसार मालकाने पुरवायच्या सोयी-साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नव्हते. व्यावसायिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेतही तेच तत्त्व आहे. पगारातून हातमोज्यांचे पैसे कापले जात असतील, तर ते चुकीचे आहे, हे घरात सर्वांना ठाऊक असू द्यावे. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना सुती अस्तराचा रबरी हातमोजा देणे, हे त्याच न्यायाने आपले काम.

फवारणीचे, गॅरेजचे किंवा कारखान्यातले हातमोजे स्वयंपाकघरात टांगू नयेत, मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. हात बिघडला तर डॉक्टरांकडे जाताना नुसता हात नेऊ नका. वापरलेला हातमोजा पिशवीत घालून, रसायनाच्या डब्यावरील लेबलाचा फोटो काढून न्या, आणि पुरळ तळव्यावर आहे, पाठीवर आहे की हातमोज्याची कड जेथे संपते तेथे रेघ मारल्यासारखे थांबले आहे, ते कामावरून आल्या आल्या, मलम लावण्यापूर्वी पाहून ठेवा.